यार्डातले शाबूत कान

किस्से कानातल्या मळासारखे साठतात. रोज कणभर, आपल्याला पत्ताही लागत नाही. मग एखाद्या लग्नात शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, "तुम्ही बहरीनला काय करत होता हो?" मी सांगतो, "लोकांचे कान तपासत होतो." तो हसतो. मीही हसतो, आणि त्यातल्या त्यात हलके असे दोन किस्से सांगून जेवायला उठतो. आज कुठे लग्न नाही, जेवायची घाई नाही, तेव्हा बाकीचेही ऐका.

मी मूळचा मिरजेचा. तिथल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमीटर चालवायला शिकलो. माणसाला हेडफोन घालायचा, बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की तो बटण दाबणार आणि आपण कागदावर खूण करणार. एवढ्या विद्येवर सत्तरचं दशक संपता संपता मला बहरीनचा व्हिसा मिळाला. अस्करच्या रस्त्याला एक फॅब्रिकेशन यार्ड होतं. नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. लोखंडी प्लेटा कापायच्या, ग्राइंडरने घासायच्या, चिपिंग हॅमरने गंज ठोकून काढायचा. हमद टाउनची घरं उठत होती तेव्हा आमच्याकडून लोखंडाचे ट्रक जायचे. हॅमर चालवणारे बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यातले.

पर्सोनेल ऑफिसर देसाई साहेब आपलेच, दादरचे. राहायला जनाबियाला व्हिलात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बसवून चहा पाजला आणि काम समजावून दिलं.

"व्हिसा रिन्यू व्हायच्या आधी प्रत्येकाची तपासणी. ऐकू येतं तो आत. नाही येत तो अनफिट, परत गावी. खलास."

मी विचारलं, "आणि यार्डातला आवाज कमी करायचं काही?"

"ते तुमच्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले. "चहा घ्या, गार होतोय."

* * *

तपासणीची साउंडप्रूफ पेटी टेलिफोन बूथएवढी होती. आत आवाज नको म्हणून दवाखान्याचा एसी बंद करावा लागायचा. ऑगस्ट महिन्यात त्या पेटीत माणूस बसवला की पाच मिनिटांत त्याचा शर्ट अंगाला चिकटे. एकाने बाहेर येऊन मला विचारलं होतं, "भाऊ, कान बघताय का मोदक उकडताय?"

तरीही लोक पेटीत आनंदाने बसायचे. एक जण तर आत चक्क झोपला. उठवला तेव्हा म्हणाला, "माफ करा. ह्या यार्डात इतकं गप्प कुठंच नाय."

* * *

कानावर घालायचे मफ कंपनीने घेतले नव्हते असं नाही. घेतले होते. चांगले, परदेशी, पिवळ्या रंगाचे. ते ऑफिसच्या काचेच्या कपाटात असायचे, आणि किल्ली देसाई साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. बाहेरचा कुणी यार्ड बघायला आला की सकाळी वाटायचे आणि तो गेला की मोजून परत घ्यायचे.

एकदा पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्याबरोबर फोरमन ओरडला, "यल्ला, मफ काढा!" कुणी काढेना. त्याला वाटलं संप झाला. धावत जाऊन त्याने पहिल्या माणसाच्या डोक्यावरून मफ उचलला, तेव्हा तो माणूस म्हणाला, "काय बोललात? मफ घातलेला, ऐकू नाय आलं."

यार्डाच्या इतिहासात मफ चालतात हे सिद्ध झालेला तो एकच दिवस.

* * *

आता शिगवणबद्दल सांगायला हवं. तुकाराम शिगवण, गुहागरकडचा, हॅमरवाला. गावी जाखडी नाचात मृदंग वाजवायचा, आणि हातात काही नसलं तर मांडीवर वाजवायचा.

त्याच्या आईला लिहिता येत नव्हतं. ती कॅसेट भरून पाठवायची. गावाहून कुणी येणारा असला की त्याच्या बॅगेत सुकटीच्या पिशवीखाली शिगवणची कॅसेट असायचीच. शुक्रवारी सुट्टीला तो ती टेपवर लावायचा. दर वर्षी आवाज थोडा जास्त. शेवटी शेवटी म्हातारी कॅम्पच्या तिन्ही बराकींना ऐकू जायची.

त्यामुळे शिगवणच्या घरचं सगळ्यांना सगळं माहीत. शेजाऱ्याने बांध सरकवला तेव्हा कॅम्पात दोन तट पडले. म्हैस व्याली तेव्हा आझमगडचा खान त्याला मिठी मारून "मुबारक हो" म्हणाला. आणि म्हातारी दर कॅसेटच्या शेवटी, "तुका, जेवतोस ना रे वेळेवर?" असं विचारायची, तेव्हा पलीकडच्या बराकीतून कुणीतरी ओरडायचं, "जेवला, आये!"

शिगवण टेपला उजवा कान लावून बसलेला असायचा. त्याला ते ओरडणं ऐकू जायचं नाही.

* * *

मिरजेच्या डॉक्टरांनी मला आवाज सोडायचा एक क्रम शिकवला होता. मी तो कधी बदलला नाही. बदलायचा असतो हे मला कुणी सांगितलंही नव्हतं.

एका सकाळी पेटीत गुहागरचाच एक माणूस बसला होता आणि मी नेहमीप्रमाणे बटणं फिरवत होतो. तो झकास उत्तरं देत होता. तीन दाबले, थांबला, दोन दाबले, दम घेतला, पुन्हा तीन. मी खुणा करत गेलो. कागद भरल्यावर लक्षात आलं की हेडफोनची वायर मशीनमधून निघालेली आहे.

मी त्याला बाहेर काढून खडसावलं. आधी कबूल होईना, मग हसला. शिगवणने सगळी तपासणी जाखडीच्या ठेक्यावर बसवली होती. कुठल्या आवाजानंतर किती थांबायचं, कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, सगळं. बराकीत पत्र्याच्या डब्यावर तालमी चालायच्या. ज्याचा व्हिसा रिन्यूला आला त्याला आठवडाभर आधी बसवायचे.

मी वायर मशीनमध्ये खोचली आणि कागद फाइलला लावला. दुसरं काय करणार होतो? खरं लिहिलं असतं तर निम्मं यार्ड गावी गेलं असतं. मला तेव्हा वाटलं आपण पुण्य करतोय.

* * *

त्यानंतर आले बर्फवाले डॉक्टर. मूळचे कॅनडाचे. उत्तरेकडच्या बर्फाच्या प्रदेशात त्यांनी वर्षानुवर्षं लोकांचे कान तपासले होते. कंपनीने त्यांना आमच्या यार्डाचा सर्व्हे करायला बोलावलं.

एका शुक्रवारी सकाळी त्यांनी मेसच्या खिडक्यांना घोंगड्या लावून, चादरीवर स्लाइड्स दाखवल्या. मी मराठी करून सांगत होतो. पांढरीशुभ्र जमीन, केसाळ टोप्या घातलेली माणसं. मी एस्किमो म्हणालो तर डॉक्टरांनी थांबवलं. "ते स्वतःला इनुइट म्हणतात. तुम्हीही तसंच म्हणा." मग एका लहान मुलीच्या कानाचा फोटो, कान फुटून वाहत असलेला. डॉक्टर म्हणाले, तिथे इतक्या पोरांचे कान वाहतात, की आयांना वाटतं दुधाचे दात पडतात तसंच हेही असणार.

मागून शिगवण म्हणाला, "आमच्या वाडीत पण तसंच. लसणीचं तेल घालतात." डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग शिकाऱ्यांचे फोटो. आयुष्यभर बंदुकीचा बार कानाशी, त्यात बर्फावर पळणाऱ्या मोटारगाड्या आल्या. पुरुषांचे कान तरुणपणीच जाऊ लागले.

कुणीतरी विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"तपासलं," डॉक्टर म्हणाले. "दर उन्हाळ्यात विमानाने जायचो आणि तपासायचो." मग त्यांनी आणखी एक सांगितलं. एका म्हातारीने त्यांना विचारलं होतं, "तू इतकी वर्षं आमच्या कानात बघतोस. आत काय दिसतं ते आम्हाला कधी सांगणार?"

"मग काय सांगितलंत?"

"त्या दिवशी माझं विमान सुटत होतं."

मी हे मराठीत सांगितलं तेव्हा सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. मला तो माणूस आवडला.

* * *

आवडला, तरी मी त्याला ठेक्याचं सांगितलं नाही. सर्व्हेत मशीन मीच चालवलं, त्याच जुन्या क्रमाने. पोरांनी अशी उत्तरं दिली की आमचे तपासणीचे कागद बघून गवयांनी लाजावं.

डॉक्टर चक्रावले. "दहा वर्षं हॅमर चालवलेल्या माणसाचा कान असा असूच शकत नाही. तुमच्या लोकांत आहे तरी काय?"

"लसणीचं तेल असेल," मी म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रिपोर्ट आला. यार्डातल्या भारतीय कामगारांच्या कानांवर आवाजाचा परिणाम आढळत नाही. देसाई साहेबांनी तो दोनदा वाचला, पिवळे मफ दुसऱ्या कंपनीला देऊन टाकले, आणि खूश होऊन एक उदार नियम काढला. ज्याचे दोन्ही कान गेले असतील त्याला यापुढे गावी पाठवणार नाही, स्टोअरमध्ये बसायचं काम देणार. कुणाचेच कान गेलेले नसताना नियम काढायला काय जातं?

* * *

पुढच्या वर्षी शिगवण माझ्याकडे आला. दार लावून घेतलं.

"भाऊ, आता खरी तपासणी करा."

मी पहिल्यांदाच क्रम बदलून आवाज सोडले. डावा कान पार गेलेला. उजवा निम्मा शिल्लक.

"आयेची कॅसेट आता अर्धीच कळते," तो म्हणाला. "ती थकलीय, बारीक बोलते. हा एक कान तरी वाचवा. स्टोअरात टाका मला."

मी देसाई साहेबांकडे गेलो आणि कुणाचं नाव न घेता विचारलं, एकच कान गेला असेल तर? त्यांनी नियमावर बोट ठेवलं. "दोन्ही कान. एक आहे ना अजून? तो गेला की या."

शिगवणला हे सांगितलं तर तो बराच वेळ मांडीवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, "दुसरा गेल्यावर स्टोअरात बसून काय करू? दोनी गेले म्हणून लिवा."

मी लिहिलं. खोटं लिहायचा हात बसलाच होता.

पण साहेबांनी मागच्या वर्षीचा कागद काढला. त्यात शिगवणला मुंगीचं चालणंही ऐकू येत होतं. "एका वर्षात दोन्ही कान ठार? नाटक आहे. बर्फवाले डॉक्टर आलेच आहेत फेरतपासणीला, तेच बघतील. नाटक निघालं तर परवाच्या विमानाने घरी."

* * *

डॉक्टरांनी मशीनला हात लावला नाही. शिगवणची खुर्ची कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मला त्याच्या मागे दोन हातांवर उभं केलं. स्वतः बाजूला उभे राहिले, त्याची मान आणि हात दिसतील असे.

मला इंग्रजीत म्हणाले, "नेहमी बोलता त्या आवाजात, तुमच्या भाषेत काहीतरी बोला. ज्याला ऐकू येतं तो बसून राहूच शकणार नाही, असं काहीतरी."

मला काय सुचावं? व्हिसा, विमान, फोरमन, काहीच डोक्यात आलं नाही. मला त्याला वाचवायचं होतं का पकडून द्यायचं होतं, तेही आता सांगता येत नाही. तोंडून निघालं ते असं.

"शिगवण, गावाहून तार आलीय. तुझी आई गेली."

शिगवण भिंतीकडे बघत बसला होता. मान हलली नाही. मांडीवरची बोटं हलली नाहीत. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट जाऊ दिलं. मग मला विचारलं, "काय बोललात?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते टेबलाशी बसले, आणि दोन्ही कान गेले आहेत, माणसाला ताबडतोब शांत जागी काम द्यावं, असं लिहून सही केली.

शिगवणने कागद घेतला. चार घड्या घालून खिशात ठेवला. डॉक्टरांना हात जोडले. मी त्याच्यामागोमाग व्हरांड्यात आलो. तो पाण्याच्या कूलरपाशी थांबला, ग्लास भरला, प्यायला नाही.

"तार कदी आली, भाऊ?"