ताडोवियाची राजधानी

ताडोविया नावाचा देश पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही, आणि त्याला ते नाव मी दिलं, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आमच्या संस्थेत आणि वळ गावापासून शेलार गावापर्यंतच्या पालकांत सगळे असंच समजतात की तो देश आमच्या भूगोलाच्या सरांनी नावासकट डोक्यातून काढला. देश त्यांनी काढला, हे खरं आहे. पण त्याला नाव नसतं तर तो कुणाच्या नजरेत आला नसता, आणि सर आजही माझ्या शेजारच्या खुर्चीवर घाबरत बसलेले असते.

घाबरत म्हटलं, कारण त्यांच्याइतका भित्रा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात दुसरा झाला नसेल. मी स्वतः भित्राच आहे, पण माझी भीती घरातल्या घरात असते. सरांची भीती रोज शाळेत हजेरी लावायची. शिपाई घंटेपाशी हातोडी घेऊन गेला की यांची बोटं कानात. पोरं घंटेकडे कान लावतच नसत, सरांच्या बोटांकडे बघत आणि दप्तरं भरत. गोडाऊनकडे जाणाऱ्या ट्रेलरांची त्यांना इतकी धास्ती की शाळेसमोरचा रस्ता ते कधी एकट्याने ओलांडत नसत. एखादी म्हैस ओलांडायला निघाली की तिच्या आडोशाने निघत. मी हसलो तर म्हणाले, "म्हशीला ट्रेलरवाले थांबतात, सर. मास्तरला थांबतील याची काय गॅरंटी?" मुख्याध्यापकांनी बोलावलंय अशी चिठ्ठी आली तर आधी तांब्याभर पाणी पीत, मग जेवणाचा डबा माझ्या हातात देत. "परत आलो नाही तर हा घरी पोचवा." बोलावणं बहुतेक वेळा नकाशाच्या कपाटाच्या किल्लीसाठी असायचं.

पण या सगळ्या भीत्यांची आई म्हणजे ऑर्डर. सर तासिकेवर होते. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढा पगार, आणि दर जूनला नवी ऑर्डर. संस्थेने दिली तर दिली. परीक्षा संपल्या की त्यांचा चेहरा उतरायला लागायचा. ऑर्डर हा शब्द ते असा हळू उच्चारत, जसा काही जण रोगाचा उच्चारतात. मी गणित शिकवायचो आणि कायम होतो. त्यामुळे त्यांना धीर देणं मला सोपं जायचं.

या भीतीतूनच तो देश निघाला. सुरुवातीला त्याला नाव नव्हतं. सर नुसतं 'तिकडे' म्हणायचे. ऑफ तासाला आम्ही प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसायचो, मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खडखडाट भिंतीतून यायचा, आणि सर खालच्या आवाजात सुरू करायचे. तिकडे शाळेत घंटा नसते. धडा संपला की एक मूल शेजारच्या वर्गात जाऊन कानात सांगून येतं. तिकडे पालकसभेला पालक बाकावर बसतात आणि मुलं त्यांना विचारतात, घरी कसं काय चाललंय. तिकडे हजेरीला हजर असलेल्यांची नावं घेत नाहीत. "जो दिसतोय त्याचं नाव कशाला घ्यायचं? जो नाही त्याचं घ्यायचं, आणि तो कुठे गेला हे कळल्याशिवाय धडा उघडायचा नाही." हे सांगताना सर घाबरलेले नसत. आमच्याकडे लूम बंद पडली की अख्खं बिऱ्हाड मुलुखाला निघून जातं. हजेरीत नाव राहतं, बाकावरचं पोर राहत नाही. मी त्या नावापुढे गैरहजर मांडून पुढे जायचो. सर पुढे जाऊ शकत नसत.

तिकडच्या शाळेत शनिवारी पहिला तास भीतीचा असे. विषयच तो: भीती. मार्क नाहीत, पुस्तक नाही. प्रत्येकाने आपल्याला कशाची भीती वाटते ते सांगायचं, मास्तरनेसुद्धा. हा तास सरांनी नुसता तिकडेच ठेवला नाही, गुपचूप सातवी ब वर आणला. मी एकदा दाराशी उभा राहून ऐकला. एक मुलगी सांगत होती, "सर, पप्पांची नाइट शिफ्ट असते ना, ते दिवसा झोपतात. खोली एकच हाय. आम्ही खोकायला पण घाबरतो, उठले तर मारतात." मागून एक पोरगा म्हणाला, "मेरे को तो सर, आपका पेपर से डर लगता है." वर्ग हसला. सर म्हणाले, "मला पण लागतं रे. तपासायचे असतात." मग त्या मुलीला म्हणाले, "तिकडे रात्रपाळीच्या घरातल्या मुलांना शाळेत एक खोली असते. तिथे जोरात खोकलं तरी चालतं." मुलीने विचारलं, "सर, मला तिकडे ॲडमिशन मिळेल काय?" पुढच्या आठवड्यापासून नकाशांच्या खोलीचं दार मधल्या सुट्टीत उघडं असायचं, आणि आतून पोरांच्या खोकण्याचे, ओरडण्याचे, हसण्याचे आवाज यायचे. मुख्याध्यापकांना काय सांगायचं या भीतीने सर बाहेर उभे राहून घामाघूम होत, पण दार लावत नसत.

अशाच एका शनिवारी आमच्या संस्थेचे अध्यक्ष न सांगता आले. वळला त्यांची गोडाऊनं आहेत, माणूस मनाने वाईट नाही, पण बोलायला लागला की कपाटाच्या काचा हलतात. सातवी ब च्या दाराशी ते बराच वेळ थांबले आणि मग तडक शिक्षकांच्या खोलीत आले. "हे काय नवीन? पोरं एवढी मोकळी कशी बोलतात?"

सर उभे राहिले. जेवणाचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "तिकडे... तिकडे असं करतात, साहेब."

"तिकडे म्हणजे कुठं? फॉरेनला?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. यांची ऑर्डर आता जाते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. खिडकीबाहेर एक ट्रक उभा होता आणि दोन हमाल त्याच्यावर ताडपत्री ओढत होते. माझ्या तोंडून निघालं, "ताडोविया, साहेब."

"ताडोबा?"

"ताडोविया. युरोपात आहे. जरा वरच्या अंगाला."

अध्यक्ष खूश झाले. शेजारच्या संस्थेने फिनलंडचं काहीतरी आणलं होतं, ते त्यांना बरेच दिवस खुपत होतं. "मग आपण ताडोविया आणू. कार्यक्रम लावा. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब बोलावतो. आणि भूगोल, तुमचं भाषण झकास झालं तर जूनला तुमची कायमची ऑर्डर. माझा शब्द."

त्या दिवसापासून सर झोपले नसावेत. गेटवर फ्लेक्स लागला, 'ताडोविया शिक्षणपद्धती, तालुक्यात प्रथमच', कोपऱ्यात एक बर्फाचा डोंगर. शिपाई मला विचारायला आला, "सर, त्यो देश हाय कुठं? वाघ असतात म्हणं तिथं." सर रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येत. "सर, हे खोटं झालं हो. आपण जाऊन सांगू या का?" मी म्हणायचो, "फक्त नाव खोटं आहे. बाकी सगळं तुमचं खरंच आहे की. आधी ऑर्डर हातात पडू द्या, मग बघू." मला त्यांची काळजी होती, हे खोटं नाही. पण सांगायला गेलो तर नाव कुणी घेतलं हे निघेल, याचीही होती, आणि ती जास्त होती.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. सर माइकसमोर उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आता पडणार. पण पाच मिनिटांत तिकडची हजेरी सुरू झाली आणि त्यांचा आवाज मोकळा झाला. लूमवरून तसेच आलेले बाप, कपड्यांवर सुताचे तंतू चिकटलेले, मान हलवायला लागले. जिल्ह्याचे साहेबही ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं, पुन्हा केलं. त्यात वाघाचा फोटो आलेला मला मागून दिसला. भाषण संपल्यावर ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "सर, छान बोललात. जरा सांगा, या ताडोवियाची राजधानी कोणती?"

भूगोलाचा मास्तर राजधानीच्या बाबतीत खोटं बोलू शकत नाही. सरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते थरथरत नव्हते, हे मी पाहिलं. "साहेब, राजधानी नाही. देशच नाही. मी बनवलाय."

हॉलमध्ये मागच्या रांगांतून हसू उसळलं. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद. ते मला विचारतील म्हणून मी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. पण त्यांनी सरांनाच विचारलं, "नाव पण तुम्हीच ठेवलं?" त्या दिवशी खोलीत मी बोललो होतो, हे त्या गडबडीत ते विसरले असतील, किंवा गणिताचा कायम मास्तर असं करणार नाही अशी त्यांची खात्री असेल.

सर म्हणाले, "हो."

माझ्या माहितीत भूगोलाच्या सरांनी बोललेलं हे एकच खोटं. मी नाडी बांधत राहिलो.

जूनला ऑर्डर आली नाही. आता ते अकलोलीला असतात, मेव्हण्याच्या लॉजवर. गरम पाण्याच्या कुंडावर येणाऱ्यांना खोल्या दाखवतात आणि गावातल्या पोरांना फुकट शिकवतात. मधल्या काळात मी पर्यवेक्षक झालो. गेल्या हिवाळ्यात एकदा त्यांच्याकडे गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं, मी अध्यक्षांकडे जाणार आहे. सर मला कुंड दाखवायला घेऊन गेले आणि चांगले दहा हात लांब उभे राहिले. "जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं म्हणजे खाली काय असेल, विचार करा. मी इथे आल्यापासून एकदाही उतरलो नाही." मग चहा झाला. लूम बंद पडून निघून गेलेल्या एका मुलाचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, त्याचं काही कळलं का? मी नाही म्हणालो. मी घसा खाकरला, आणि मी तोंड उघडायच्या आत ते घाईघाईने म्हणाले, "सर, ते जुनं काही कुठे बोलू नका हं. तुमची नोकरी आहे, मुलीचं लग्न व्हायचंय. मला उगीच भीती वाटत राहते तुमच्यासाठी."

स्वतःचं सगळं गेल्यावर त्यांनी माझी भीती वाहायला घेतली होती. आणि मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. रिक्षात बसून परत येताना वज्रेश्वरी मागे पडेपर्यंत मला हलकं हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची मला आजही लाज वाटते.

इथे मी हे लिहिलं, पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. अध्यक्षांच्या केबिनमध्ये जाऊन, सर्वांदेखत, त्या माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली असं म्हणणं आणि त्यांना परत घ्या असं मागणं, एवढं मी भूगोलाच्या सरांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.