दाखल्यामागची चकली

टाळेबंदीत नवऱ्याची कंपनी जी बंद पडली, ती पुन्हा उघडलीच नाही. तयार माल तपासण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. आता ते पुंडलिकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत पंख्याकडं बघत बसायचे आणि मी केलेल्या वरणात खोट काढायचे. सवय! दुसरं काय?

मी घरी ब्लाउज शिवायचे. पण लग्नसराईच बसली तर ब्लाउज शिवून घालणार कुठं? म्हणून उस्मानपुऱ्यातल्या मोफत शिवणवर्गात नाव घातलं. तिथं कारखान्यातली विजेची मशीन होती. पायाचा नुसता अंगठा टेकला की उधळायची. म्हणून मॅडम आधी दोराच देत नसत. कागदावर पेन्सिलीनं सरळ रेघा ओढायच्या, मग चकली काढायची आणि बिनदोऱ्याची सुई बरोबर त्यावरून न्यायची. कागद ज्याचा त्यानं आणायचा.

कागदाला आमच्याकडं तोटा नव्हता. नवऱ्याच्या बायोडाटाच्या चुकलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा मी रोज थोडा थोडा संपवत होते.

एका संध्याकाळी ते कपाट उपसायला लागले. दुसऱ्या दिवशी वाळूजच्या एका कारखान्यात मुलाखत होती आणि अनुभवाचा दाखला सापडत नव्हता. मी धावत माझी वर्गाची पिशवी उलटी केली. चुकलेल्या झेरॉक्समध्ये मिसळलेला तो तिथंच निघाला. मागच्या कोऱ्या बाजूला तीन रेघा आणि एक चकली, आणि पुढं जुन्या साहेबांच्या सहीतून आरपार भोकं.

"अगं, हे काय करून ठिवलंस? कंपनीला टाळं हाय. दुसरा दाखला आता कोन देनार?"

"उंदरानं खाल्ला म्हणा."

"उंदीर काय पट्टी घेऊन खातो व्हय?"

सकाळी तोच दाखला फायलीत घालून ते वाळूजला गेले. त्या दिवशी मी वर्गाला गेले नाही. त्यांची अठरा वर्षं मी सुईखाली घातली, हेच डोक्यात फिरत होतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

दुपारी ते आले आणि दारातच बूट काढत बसले.

"काय झालं?"

"तिथल्या साहेबांनी कागद उजेडाला धरला. म्हनले, ही भोकं कसली? म्या खरंच सांगून टाकलं, बायको मशीन शिकती म्हनून."

"मग?"

"चकलीवरून बोट फिरवलं. म्हनले, रेघ कुठंच सुटली नाय. सीट कव्हर शिवायला बाया पाहिजेत, उद्या घेऊन या."

"आन् तुमचं?"

"बघू म्हनले." मग त्यांना एकदम हसू फुटलं. "इतकी वर्षं खोट काढली, पन तुझ्या चकलीत काय निघंना!"

किती महिन्यांनी ते हसले होते! माझा जीव भांड्यात पडला. नोकरीच्या आधी मला ते हसूच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला गाडीवरून वाळूजला नेलं. साहेबांनी माझं आधार कार्ड घेतलं, फोटो घेतले आणि अनुभवाचा दाखला मागितला.

"माझ्याकडं नाय, साहेब."

"आहे की. मी काल बघितलाय." मग ते माझ्या मागं उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाले, "त्याच कागदाच्या दोन झेरॉक्स आणा. दोन्ही बाजूंनी. एक बाईंच्या फायलीला, एक तुमच्या."