अभ्यंगस्नान झालेला कुत्रा

माझ्या हाताखालून गेलेल्या कुत्र्याच्या अंगावर आजवर ओरखडा उमटलेला नाही. मी असं म्हटलं की नवरा म्हणतो, जरा बेताने. बेताने का? तो विमा कंपनीत गावोगाव बदल्या घेत फिरला, शेवटी जयपूरला स्थिरावला, आणि मी आमच्या काचा लावलेल्या बाल्कनीत कुत्र्यांचे केस विंचरायचं, कापायचं काम सुरू केलं. आता कॉलनीत त्याची ओळख ‘डॉगवाली आंटी के हसबंड’ अशी आहे. त्याला ती फारशी आवडत नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. एका सकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. मूळची कोल्हापूरची, सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत संगणकावर काम करणारी. तिच्या काखेत तिचा शिह त्झू जातीचा कुत्रा होता. एरवी डोळ्यांवर झुलपं उडवत ऐटीत चालणारी ही बुटकी स्वारी त्या दिवशी गप्प होती. मागे दारातच तिची आई थांबली होती.

“काकू, आईने ह्याला उटणं लावलं,” मुलगी म्हणाली. पोलिसात तक्रार द्यावी तसा आवाज.

मला आधी हसूच आलं. मग सगळं कळलं. नरक चतुर्दशीच्या पहाटे तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, कुत्र्याला सुगंधी तेल चोळलं, उटणं लावलं, कोमट पाण्याने न्हाऊ घातलं आणि ओवाळलंसुद्धा.

“आमचं दोघींचं झालं, हाच तेवढा राहिला होता की ओ,” काकू दारातूनच म्हणाल्या.

नंतर त्यांनी त्याला पंच्याने खसाखसा पुसलं होतं. विंचरल्याशिवाय केस भिजवले आणि चोळले की काय होतं, ते टोंकच्या नमदेवाल्यांना विचारावं. लोकर ओली करायची, साबण लावायचा, घासत राहायचं, की घट्ट जमून झाला लोकरीचा जाड नमदा. ह्याच्या पोटावर, मांड्यांवर, कानांमागे तसाच नमदा तयार झाला होता. वर काकूंनी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन कानामागची एक गाठ कापली, आणि गाठीबरोबर थोडी कातडीही कापली गेली. जखम आता भरत आली होती. पण काकू दिसल्या की कुत्रा सोफ्याखाली जाई, आणि मुलीने आईला बजावलं होतं, तू त्याला हात लावायचा नाहीस.

मुलीला ऑफिसचा फोन आला म्हणून ती जिन्यात गेली. तेवढ्यात काकू जवळ आल्या.

“मी राहायलाच आले होते हो ताई. हे गेल्यापासून तिकडं एकटीच असते. ही म्हणाली, आई, तू ये, दिवसभर कुत्रं एकटं असतंय, तुलाही सोबत होईल. आता म्हणते, तुला नाही जमायचं. रविवारचं तिकीट काढलंय माझं.”

त्यांनी पदर उगाचच सारखा केला. मला भयंकर राग आला. उटणं फासलं म्हणून आईला घराबाहेर काढतात होय? पण रागात मी पात्याला हात लावत नाही. आधी पाणी प्यायले, मग कुत्र्याला टेबलावर घेतलं.

गुंता सोडवायचा माझा पात्यांचा कंगवा दिसतो साधा, पण त्याचा प्रत्येक दात म्हणजे एक वाकडी सुरी आहे. आतल्या कडेला धार, टोक बोथट. लोक तो घेतात आणि गवत कापल्यासारखा ओढतात. मी आधी बोटांनी कातडी शोधते. गुंत्यात कातडी वर ओढली जाते आणि केसांतच लपते; कात्रीने जखमा होतात त्या त्यामुळेच. तेलकट केसांवर मी कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, डाव्या हाताची बोटं गुंता आणि कातडी यांच्यामध्ये सरकवली, धार बाहेरच्या बाजूला ठेवली आणि छोटे छोटे हात मारत गुंत्याचे उभे तुकडे केले. सगळा गुंता एका दमात काढायचा नसतो. तुकडे झाले की उरलेलं काम तारांचा ब्रश करतो. कुत्रा हलला की पातं उचलायचं, त्याच्याशी झटापट करायची नाही.

मुलगी फोन संपवून आली आणि कानाकडे बोट दाखवून म्हणाली, “काकू, इथे पण तोच चालवा ना. मतलब, तिथले केस तरी वाचतील.”

“नाही. इथे कातडी कागदासारखी पातळ असते, आणि गुंता अगदी तिला चिकटलाय. बोट आत जात नाही तिथे माझं पातं जात नाही. इथे मशीनच फिरणार.”

“पण मग तो विचित्र दिसेल.”

“दिसू दे. केस येतात परत.”

तिने बोट मागे घेतलं. माझ्यासमोर बहुतेक जण घेतात.

पोटावरचा सगळ्यात मोठा गुंता मी फोडला तेव्हा मधोमध काहीतरी टोचलं. चिमट्याने बाहेर काढलं, तर काटेरी कुसळ. इकडे त्याला भुरट म्हणतात. वाळूतल्या गवताचं असतं, कपड्यांना चिकटलं की सुटता सुटत नाही. दुसऱ्या गुंत्यात आणखी एक निघालं, मांडीवरच्या गुंत्यात दोन. त्यांच्याभोवती केस असे घट्ट वळले होते की ते कालपरवाचं काम नव्हतं.

“ह्याला रानात कुठे नेलं होतंस?” मी विचारलं.

“कानोत्याला. धरणावर, ऑफिसची पिकनिक होती.”

“कधी?”

मुलगी कुसळाकडे बघत राहिली. “आई यायच्या आधी,” ती म्हणाली. “मग काम इतकं होतं... विंचरायचं राहूनच गेलं.”

तेल, पाणी आणि पंचा यांनी गाठी आवळल्या होत्या, पण घातल्या होत्या कुसळांनी. हे बोलून दाखवायला माझी जीभ वळवळत होती. मी ती आवरली. काकूही काही बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असते तर नक्की बोलले असते.

मागच्या मांडीवर एक सैलसर गुंता उरला होता. मी काकूंना म्हटलं, “या इकडे. हा तुम्ही सोडवायचा.”

“मी? नको ओ, मला तो घाबरतोय.”

“कात्रीला घाबरतो. या.”

त्यांनी आधी त्याला हात हुंगू दिला. तो आखडला, पण माझा हात त्याच्या छातीखाली होता, म्हणून थांबला. मी कंगवा त्यांच्या हातात दिला आणि धार कुठली ते दाखवलं. मूळ कसं धरायचं ते मात्र सांगावं लागलं नाही. ओढ कातडीपर्यंत पोचू नये म्हणून त्यांनी केस मुळाशी चिमटीत घट्ट धरले होते.

“हिच्या वेण्या अशाच घालायची,” त्या हळूच म्हणाल्या. “जरा ओढ बसली की घर डोक्यावर घ्यायची.”

कुत्र्याने मान खाली टेकवली. गुंता सुटत गेला, पांढरे केस टेबलावर पडत गेले. काकूंचा हात एकदाही घसरला नाही. मुलगी फोन काढून काहीतरी चाळत होती, आणि मला पुन्हा तिचा राग यायला लागला.

“काकू, हाच ना तो कंगवा?” तिने फोन माझ्यापुढे धरला. “गुरुवारी येईल म्हणतायत.”

“गुरुवारी मी कोल्हापुरात,” काकू खालमानेने म्हणाल्या.

“मग वापरणार कोण?” मुलगी म्हणाली. “मला कुठे जमतं विंचरायला.”

माझे डोळे भरून आले आणि मी सरळ केरसुणी शोधायला लागले. काकूंनी हातातला कंगवा उलटापालटा करून पाहिला.

“हा जड आहे,” त्या म्हणाल्या. “लहान मुठीचा मिळतोय का बघ.”