सगळ्यांचे श्वास वीस

दुपारी सव्वाचारला कुंदाताईंच्या मुलाचा, नितीनचा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात कांद्याच्या पिशव्या रिक्षात ठेवून घेत होते. "शैलामावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. लोक म्हणतात, अशा वेळी रडू येतं. मला राग आला. दीड महिना झाला, तो उतरलेला नाही, आणि रागातच हे लिहिते आहे. गोड गोड आठवणी कुणाला हव्या असतील तर त्या दुसऱ्या कुणाकडून घ्याव्यात. कुंदाताईंना गोडबोलेपणाचं फार वावडं होतं.

बिबवेवाडीतल्या आमच्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात त्या अपघात विभागाच्या मुख्य सिस्टर होत्या. मूळच्या वाशीमच्या. पुण्यात तीस वर्षं काढली, पण बोलणं वऱ्हाडीच राहिलं, आणि इथल्या लोकांनी त्यावरून नाकं मुरडली तरी त्यांनी ते बदललं नाही. मी नुकती परीक्षा पास होऊन आले होते. पहिल्याच दिवशी एका आजोबांच्या तक्त्यावर मी नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला, आणि श्वासांच्या रकान्यात वीस लिहिले. सगळेच तसं लिहितात. श्वास मोजायला एक पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं, आणि ते मिनिट कुणाकडेच नसतं.

"काय वो, मोजून राहिली होती का लिहून राहिली होती?" ताईंनी विचारलं. त्यांनी छातीवर टाचलेलं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि मला आजोबांसमोर उभं केलं. चौतीस भरले. "पुण्यातल्या सगळ्या कागदांवर हे वीस आहेत," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याचे वीस, बाळंतिणीचे वीस. उद्या या खुर्चीचे मोज म्हटलं तर तिचेही वीसच लिहिशील तू." सगळा विभाग हसला. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

त्या वर्षांत हिंजवडीच्या कंपन्या नव्या होत्या आणि तिथून आलेला प्रत्येक तरुण पेशंट आमच्या डॉक्टरांच्या लेखी टेन्शनचाच असे. एका संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना कोसळलेल्या मुलीला तिच्या खोलीतल्या मैत्रिणी घेऊन आल्या. नागपूरकडची, बावीस-तेवीसची, धापा टाकत होती. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी "डेडलाइनचं टेन्शन, दुसरं काय!" म्हणत तिच्या तोंडावर कागदी पिशवी धरायला लावली. ताईंनी ती हिसकावून घेतली. श्वास मोजले, बेचाळीस. तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास. साखर तपासली तर अफाट वाढलेली. मुलीला मधुमेह आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. रक्तात आम्ल साचत होतं आणि बिचारं शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून त्याचा तोल सावरत होतं. त्या धापाच तिला तगवत होत्या.

थोड्या वेळाने ती गळून गेली, तेव्हा डॉक्टर घशात नळी घालून तिला मशीनवर घ्यायला निघाले, मिनिटाला बारा श्वासांवर. ताई आडव्या उभ्या राहिल्या. "डॉक्टर, ती बेचाळीस घेऊन राहिली म्हणून जगून राहिली. तुमचं मशीन बारा देईल. बाकीचे तीस कोण घेईल?" शेवटी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. नळी घातली नाही. सलाइन आणि इन्शुलिनवर मुलगी सावरली आणि आठवड्याने चालत घरी गेली. ताईंना मिळाली कारणे दाखवा नोटीस, उद्धट वर्तनाबद्दल! त्यांनी उत्तर एका ओळीत दिलं, "मी श्वास मोजले होते."

पुढे रुग्णालयाकडे पैसा आला, काचा आल्या, आणि पेशंट किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो ते दाखवणारं मशीनही आलं. त्याला दसऱ्याला झेंडूचा हार घातला. पाहुण्यांना ते दाखवलं जाई, आणि नंतर पुन्हा प्लास्टिकचं आवरण चढे. त्याच्या नळ्या तर स्टोअरमध्ये कुलपात असत. "पूजा झाली ना? मग आता कामाला लावा," असं ताई दर दसऱ्याला म्हणायच्या... निवृत्त झाल्या त्या दिवशीही ते आवरणातच होतं. जाताना त्यांनी ते छातीवरचं घड्याळ मला दिलं.

दीड महिन्यापूर्वी त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि नितीनने हौसेने शहरातल्या मोठ्या, चकचकीत रुग्णालयात ठेवलं. त्या गेल्या त्याच दिवशी दुपारी दोनला मी भेटायला गेले. त्या धापा टाकत होत्या. मी पर्समधून घड्याळ काढलं. मास्कच्या आतून त्यांनी विचारलं, "किती?"

"छत्तीस."

"लिही," त्या म्हणाल्या.

पण कागद माझा नव्हता. तक्त्यावर ओळीने वीस, वीस, वीस होते. मी तिथल्या सिस्टरला सांगितलं, धमनीतलं रक्त तपासा म्हटलं. ती गोड हसली. "मॅडम, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे ना, डोन्ट वरी." जंतुसंसर्ग रक्तात पसरला की आम्ल साचतं, आणि ऑक्सिजन ठीक असतानाही ते माणसाला मारतं, हे त्या पोरीला कुणी शिकवलंच नव्हतं. तेवढ्यात भेटीची वेळ संपली म्हणून रखवालदार आला, आणि मी निघाले. मी, जिला ताईंनी आडवं उभं राहायला शिकवलं होतं, ती लिफ्टने खाली आले आणि भाजी आणायला गेले. सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो.

मागच्या आठवड्यात नितीनने कागदपत्रांच्या प्रती काढून आणल्या. मृत्यूची वेळ तीन चाळीस. त्याच फाइलमधल्या तक्त्यावर शेवटची नोंद दुपारी चारची आहे. श्वास वीस.

घड्याळ आत्ता समोर टेबलावर आहे. काच ओरखडली आहे, सेकंदकाटा चालू आहे.

छत्तीस होते, कुंदाताई. मी मोजले होते. आज लिहिले.