रडायचं थांबलेली पोरगी

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात पोराला किती लागलंय हे त्याच्याबरोबर किती माणसं आली त्यावर ठरतं. जीप आवारात शिरली, दारं धाडधाड वाजली, कोणीतरी फोन पुढं करून "साहेबांशी बोला" म्हणत आत घुसलं, की आमचे पाय आपोआप तिकडं वळतात. शिकताना आम्हाला नेमकं उलटं सांगितलं होतं. ओरडणाऱ्या पोराचा श्वास चालू आहे, एवढं तरी त्याच्या ओरडण्यातून कळतं. आधी बघायचं ते गप्प पोर. नव्या सिस्टर आल्या की मी त्यांना हे मोठ्या तोंडानं सांगतो. सांगायला काय जातं?

मी तिथल्या अपघात विभागात ब्रदर आहे. पन्नाशी जवळ आली.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. दुपारी राणीसावरगावकडचं एक मजूर जोडपं पाच-सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आलं. काढलेल्या सोयाबीनचा ढीग हलवताना तिच्या पायाला विंचू चावला होता. मी तिला खाटेवर झोपवायला सांगितलं.

"लय रडायली होती, साहेब," बाप म्हणाला. "वस्तीवरल्या म्हाताऱ्यानं लिंबाचा डहाळा फिरवून उतरवला, मग गप झाली. आता दुखत बी न्हाई म्हणायली."

"मग इथं कशाला आणली?"

"दोनदा उलटी झाली. मालक म्हणला, दाखवून या."

हा म्हातारा मला माहीत आहे. दर काढणीला त्याचा धंदा चालतो. विंचवानं ठणकणारं पोर आईबापाला बघवत नाही, म्हणून लोक त्याच्याकडं धावतात. तो डहाळा फिरवतो, पुटपुटतो, नारळ घेतो. नुसता ठणका असेल तर तो काही वेळानं आपला आपण कमी होतो. आणि जहाल विंचू असेल तर विष अंगात पसरतं, पोर घामानं डबडबतं, गार पडतं आणि रडायचं सोडून देतं. दोन्ही वेळा लोक म्हणतात, उतरला. त्या म्हाताऱ्याची मला किळस आहे. हे सगळं मी त्या बापाला तिथंच सांगायला हवं होतं आणि पोरीची नाडी धरायला हवी होती. मी रक्तदाबाचं यंत्र हातात घेतलं, आणि तेवढ्यात बाहेर जीप वाजली.

जीपमधून माझी धाकटी बहीण उतरली. तिचं सासर ताडकळसकडं. तिच्या दहा वर्षांच्या पोरानं बाजारात उभ्या मोटारसायकलवर चढून उडी मारली होती आणि कपाळ फोडून घेतलं होतं. वाटेतला दवाखाना सोडून त्याला माझ्याकडं आणलं होतं, कारण इथं आतला माणूस आहे. मागून दाजी, त्यांचे भाऊ, शेजारच्या दोन बायका. पोर असं किंचाळत होतं की तापाची लेकरं रडायची थांबून बघू लागली.

"दादा, रगत थांबंनाच की रे!"

तपासायची खाट एकच होती आणि तिच्यावर ती पोरगी होती. मला कोणीही काही म्हटलं नाही. मीच तिला उचलून बाकावर ठेवलं.

उचलताना तिचा हात माझ्या हातात आला. गार आणि ओला. केस कपाळाला चिकटलेले. आईनं पाण्यानं पुसली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आईच्या हातात ना बाटली होती, ना ओलं फडकं. ते मला दिसत होतं.

भाच्याची जखम मी धुतली. भुवईच्या वर बोटाच्या पेराएवढी. कपाळाला रक्त फार येतं, म्हणून माणसं घाबरतात. चार टाक्यांचं काम. दाजी फोनवर कोणालातरी सांगत होते, "डोकं पूर्ण फुटलंय, पण आपले पाव्हणे हायत, काळजी न्हाई." मी कापसाची गादी दाबून धरली होती आणि दुसरा हात ॲप्रनला पुसत होतो. तो हात अजून ओला होता.

बाकाकडं बघितलं. पोरीचं तोंड उघडं होतं. पोट भराभर वर-खाली होत होतं. आई पदरानं वारा घालत कोणालातरी सांगत होती, "झोपली आता."

"दाजी, हे दाबून धरा."

"मी? अवो पाव्हणं, टाके कोण घालणार?"

"दाबून धरा म्हटलं ना."

भाच्याला खाली उतरवून मी पोरीला परत खाटेवर घेतलं. बहिणीचा आवाज चढला. "आपलं पोर रगतात हाय न् तू कुणाच्या पोरीला उचलायलास?"

"पाव्हणं, तुमी आमचे हाव का दवाखान्याचे?" दाजी म्हणाले. त्यावर त्यांचा एक भाऊ हसला.

जीपमधली एक बाई पोरीच्या बापाकडं वळली. "कोणाचे तुमी?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. तिला गाव नको होतं. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तिला गप्प बसवायला एक शब्द पुरला असता. तोही मी उच्चारला नाही.

मी हाक मारल्यावर डॉक्टर धावत आले. नाडी बोटाखाली सापडत नव्हती इतकी बारीक आणि वेगात. छातीत बुडबुड ऐकू येत होती. ऑक्सिजन लावला, विंचवाच्या विषावरची प्राझोसिनची गोळी विरघळवून पाजली. आई तिला उठवून मांडीवर घेऊ लागली तेव्हा मी तिचे हात धरले. या गोळीनंतर पोराला एकदम उठवून बसवलं तर रक्तदाब कोसळतो. मग परभणीला हलवायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये मी बरोबर गेलो. ब्रदर स्वतः गेले, असं नंतर कौतुकानं बोललं गेलं. खरं म्हणजे बहिणीसमोर उभं राहायची माझ्यात धमक नव्हती. वाटभर मी पोरीची पावलं चाचपत होतो. परभणी जवळ आली तरी ती गारच होती.

ती वाचली.

भाच्याला टाके सिस्टरनं घातले. बहीण दिवाळीला आली नाही. नातेवाइकांत माझी गोष्ट अशी सांगतात की ह्यानं परक्यासाठी सख्ख्या भाच्याला जमिनीवर उतरवलं. आयुष्यात केलेलं एवढं एक बरोबर काम, त्याच्यासाठी मी बदनाम आहे. त्याआधी पोरीला बाकावर ठेवलं, त्याबद्दल मला कोणी विचारत नाही.

काही दिवसांनी तो बाप पोरीला घेऊन आला. पिशवीतून त्यानं नारळ काढला. "म्हाताऱ्याला एक दिला, एक तुमाला. दोघांनी मिळून वाचवली बघा."

म्हाताऱ्याला शिव्या द्यायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. त्यानं डहाळा फिरवून वेळ घालवला होता, मी भाच्याचं कपाळ धुऊन. त्याला निदान विंचवातलं काही कळत नव्हतं.

पोरीचा हात हातात घेतला. कोरडा होता, ऊन होता. तिनं तो झटकन ओढून घेतला आणि बापाच्या मागं लपली.

नारळ मी घेतला.