जोडीची शेळी

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी, आमचा दूधवाला आणि गच्चीवर बसणारी कबुतरं यांना अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की, सदर गृहिणी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधण्यास निघाली आहे. सबब, आजपासून या घरात ज्याचा मोजा हरवेल त्यानं तो स्वतः शोधावा.

ही घोषणा मी एका रविवारी, सगळे जेवायला बसलेले असताना, वरणाची पळी उंच धरून केली. घोषणेनंतर टाळ्यांसाठी थोडी जागाही सोडली होती. त्या जागेत सासूबाई म्हणाल्या, "पळी खाली कर आधी. वरण सांडायलंय."

कारण सांगते. लग्नाआधी दोन वर्षं मी जुन्या मोंढ्यात एका आडत्याकडे हिशेब लिहायचे. तिथं मला एक ड्रॉवर होता. लाकडी, उघडताना कुरकुरणारा, पावसाळ्यात फुगून अडकणारा. आत एक कंगवा, बडीशेपेची पुडी आणि दोन पेनं, एवढाच ऐवज. पण किल्ली माझ्या पर्समध्ये असायची आणि त्यात माझ्याशिवाय कुणाचा हात जात नव्हता. मग लग्न झालं, मुलगा झाला, आणि त्यानंतरच्या वीसेक वर्षांत माझ्या वाट्याला जो जो ड्रॉवर आला त्यात कुणाचे ना कुणाचे मोजे होते. मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्याचं कपाट आवरता आवरता माझ्या हाताला सात मोजे लागले, सातही वेगवेगळ्या जोडांचे. तिथंच फरशीवर बसून मी ठरवलं, मला परत एक ड्रॉवर पाहिजे. किल्लीचा.

आमचे हे सरकारी कचेरीत आहेत. तिथं पाण्याचा माठ हलवायचा झाला तरी आधी धोरण ठरतं. त्यामुळे माझी घोषणा ऐकून ह्यांना मनापासून आनंद झाला. जेवण आटोपताच जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, पट्टीनं रेघा मारून ते माझं धोरण आखायला बसले.

"पहिला टप्पा, आत्मपरीक्षण," हे म्हणाले. "तुझं बलस्थान काय?"

"आवाज."

"ते आम्हाला माहितीये. दुसरं?"

"हिशेब. तोंडी."

"बरं. आणि उणीव?"

मी ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. ह्यांनी ती चौकट रिकामीच ठेवली आणि दुसऱ्या टप्प्याकडे गेले.

दुसरा टप्पा मोबाईलवरचा होता. नोकरीच्या ॲपमध्ये माझी माहिती भरायची. नाव भरलं, पत्ता भरला, आणि मग जन्मसाल आलं. ते टाइप करता येत नव्हतं, बोटानं सरकवून शोधायचं होतं. मी सरकवलं. आणखी सरकवलं. मुलाचं जन्मसाल गेलं, लग्नाचं गेलं, दहावीचं गेलं, तरी माझं येईना. शेवटी अंगठा दुखायला लागला तेव्हा कुठं खालून ते वर आलं, विहिरीतून कळशी यावी तसं. त्याच्या पुढची चौकट होती अनुभवाची. शेवटची नोकरी कधी सोडली? पुन्हा सरकवा. मी मोबाईल पालथा ठेवला आणि भांडी घासायला गेले. त्या दिवशी भांडी फार स्वच्छ निघाली.

तरी अर्ज पाठवले. बरेच पाठवले. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं, आणि तिथं मला नोकरी देण्याऐवजी नोकरी कशी शोधावी याचा कोर्स विकत होते.

मला हिरमुसून बसलेली सासूबाईंनी पाहिलं. त्यांचं माहेर देवगाव रंगारीकडचं, शेळ्यामेंढ्यांवर जगलेलं. स्वतः त्यांनी बरीच वर्षं तिकडच्या आठवडी बाजारात शेळ्या विकल्यात. शहरात येऊन त्यांना आता जमाना झाला, पण जगातली प्रत्येक गोष्ट शेवटी शेळीसारखीच विकली जाते, ही त्यांची श्रद्धा ढळलेली नाही. आमचा जुना फ्रिज त्यांनी याच पद्धतीनं विकला होता. भंगारवाला दाराशी येईपर्यंत त्याला पुसून पुसून असा चमकवला, की आम्हालाच तो ठेवून घ्यावासा वाटायला लागला.

"घरात बसून मोबाईल चोळून काय व्हायलंय?" सासूबाई म्हणाल्या. "दावणीला बांधलेली शेळी कोण इकत घेतंय? बाजारात उभं ऱ्हावं लागतंय."

"आई, मी शेळी आहे का?"

"शेळी आसतीस तर कवाच इकली आसती. माणूस हायस, म्हणून तर अवघड हाय."

आणि त्यांनी धोरण सांगितलं. ह्यांनी पेन उघडून लिहून घ्यायला सुरुवात केली, कारण इतकं सुसूत्र धोरण त्यांनी कचेरीतही ऐकलं नव्हतं. पहिलं म्हणजे, शेळी उपाशी न्यायची नाही. उपाशी शेळी गिऱ्हाइकाच्या पिशवीत तोंड घालते. दुसरं, वय लपवायचं नाही. "गिऱ्हाईक आदी दात बघतंय. दातावरनं वय कळतं. म्हणून त्यानं जबडा उचकटायच्या आदी आपणच उचकटून दाखवायचा. मंग त्याला वाटतं, इकणारा खरा हाय."

हे कलम मी तिथल्या तिथं नामंजूर केलं. केसांना कालच काळा रंग लावला होता. तो काय जबडा उचकटून दाखवायला?

"तुजी मर्जी," सासूबाई म्हणाल्या. "आन शेवटचं. एकलीनं जायचं नाय. एकली शेळी बाजारात वरडती. वरडली की गिऱ्हाइकाला कळतं, हिला लई घाई हाय. जोडीला दुसरी पायजे. पर जोडीची जरा डावी पायजे, म्हंजी आपली उजवी दिसती."

डावी कुठून आणायची, असा प्रश्न पडायच्या आत सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. दिवाणावर माझी नणंद बसली होती. दोन गल्ल्या सोडून राहते, आणि दुपारची झोप झाली की आमच्याकडे चहाला येते. ही झोप तिची एकमेव इस्टेट आहे. त्या वेळेत तिच्या घरी पाहुणे, भूकंप आणि गॅसचं सिलिंडर यांना मज्जाव असतो. आत्ता ती नुकतीच उठून आली होती. एका गालावर उशीच्या घड्या, वेणी सुटलेली, तोंडात चिवडा.

"हिला ने," सासूबाई म्हणाल्या. "ही शेजारी उभी केली की कुणीबी हुशार दिसतंय."

"आई, मी तुझ्याच पोटची हाय ना?"

"म्हणून तर खात्रीनं सांगायले."

नणंदेला राग यायला हवा होता. पण आमच्या घरातली निम्मी नाटकं तिच्या जोरावर चालतात. तिनं चिवडा गिळला आणि विचारलं, "वहिनी, डावी म्हंजी किती डावी पायजे? साधी, का एकदम बावळट?"

"मधली चालेल, वन्सं."

"मंग येताना शहागंजातनं इमरती. गरम. आन दुपारी दोनच्या आत घरी."

जागाही तिनंच शोधून दिली. औरंगपुऱ्यात, तिच्या मुलीचा युनिफॉर्म घेताना दुकानाच्या दाराला चिकटवलेला कागद तिनं पाहिला होता. काउंटरसाठी बाई पाहिजे, हिशोब येणे जरुरी. शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते, दुकानदाराला घाई असणार. बाजार तेजीत आहे, असा निर्वाळा सासूबाईंनी दिला.

त्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसले. सासूबाईंनी समोर बसून मला दोन भाकरी, पिठलं आणि तांब्याभर ताक पोटात घालायला लावलं. ताक ही धोरणातली पहिली चूक. रिक्षा निघाली तसे माझे डोळे मिटायला लागले. नणंद मात्र टक्क जागी होती. तिचा अवतार पाहून रिक्षावाल्यानं तिला नीट धरून बसायला सांगितलं. डोक्याला चपचपीत तेल, राखाडी साडीवर पोपटी ब्लाउज, पायात दोन्ही चपला एकाच जोडाच्या होत्या एवढीच काय ती कसर. "कशी झाले?" तिनं कानात विचारलं. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला बक्षीस मिळायला हवं. ती समाधानानं तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली.

दुकान म्हणजे चिंचोळा बोगदा. दोन्ही बाजूंना छतापर्यंत निळ्या-पांढऱ्या कपड्यांची थप्पी, मध्ये आया, मुलं आणि रडारड. शेठजी वयस्कर, गळ्यात मापाची टेप, चष्मा कपाळावर. बोलणं अर्धं मराठी, अर्धं आपल्या शहरातलं हिंदी.

"हिशोब आता क्या?" त्यांनी विचारलं.

आणि मी ओरडले. म्हणजे शेळी ओरडते तशी. एकदा सुरू झाले ती थांबेचना. बी. कॉम., मोंढा, आडत, तोंडी बेरीज, मुलगा पुण्याला, मला गर्दी आवडते, मला लहान मुलं आवडतात, मला निळा रंग आवडतो. एक बाई मोजे घेता घेता थांबून माझं भाषण ऐकायला लागली. जोडीला दुसरी असूनही मी ओरडत होते. हे सासूबाईंच्या धोरणात कुठंच नव्हतं.

"उमर?"

"उमर म्हणजे तसं बघायला गेलं तर... अनुभवाच्या मानानं..."

"साल बोलो ना बाई."

"चाळीशी. म्हणजे चाळीशीच चालू आहे. चालूच आहे अजून."

शेठजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला पाहिलं, मग बाकावर हात मांडीत घेऊन बसलेल्या नणंदेला पाहिलं. ती ठरल्याप्रमाणे पंख्याकडे बघत होती. शेठजी बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बुरा नक्को मानो बाई. तुम तो आठ दिन में मेरेकोच काम पे रख लेंगे. ये बाई चुप बैठती. गिराक से झगडा नहीं करेंगी. ऐसाच माणूस पाहिजे मला. इनको कल से भेजो. दस से सात."

कुरकुरणारा ड्रॉवर, कंगवा, बडीशेप, सगळं एका क्षणात आमच्या वन्सांच्या नावावर झालं. मी हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, आणि ते नणंदेला दिसलं. तिची मान पंख्यावरून खाली आली. आधी तिला "दस से सात" कळलं, मग माझं तोंड. दोन्ही तिच्या डोळ्यांत उतरलेलं मी पाहिलं. तिची दुपारची झोप आणि माझा ड्रॉवर, दोन्ही एकाच बोलण्यात चालले होते.

ती उभी राहिली आणि बोलली. काय बोलली ते शेवटी सांगते. आधी परिणाम सांगते, कारण ते वाक्य सांगितल्यावर परिणाम ऐकायला कुणीच थांबत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुकानातलं रडणं थांबलं. मोजेवाल्या बाईच्या हातून मोजे पडले. शेठजींनी आमच्याकडून सगळी हकिकत काढून घेतली. देवगावचा बाजार, भाकरी, दात, डावी, उजवी, सगळं. मी खालमानेनं सांगत गेले, नणंद ताठ मानेनं दुरुस्त्या करत गेली. मग ते बूढेबाबा इतके हसले की मापाची टेप गळ्यातून सुटून फरशीवर लोळली. डोळे पुसत म्हणाले, "जो बाई नोकरी के वास्ते नणंद को बकरी बनाके लाती, वो मेरे गिराक को खाली हाथ जाने देंगी क्या? सोमवार से आव."

सोमवारी मला काउंटर मिळालं, आणि काउंटरला ड्रॉवर होता, किल्लीचा. मी देवाचं नाव घेऊन तो उघडला. आत गळ्यापर्यंत मोजे होते. शाळेचे, कोरे, सगळ्या मापांचे. पण सगळे जोडीनं होते, आणि ते मी विकते. कोपऱ्यात कंगवा आणि बडीशेप ठेवण्यापुरती जागा मी त्याच दिवशी केली.

सासूबाई मात्र आमच्यावर नाराज होत्या. सौदा झाला ते ठीक, पण बाजारात डाव असा फोडतात व्हय? इमरती खाऊनही त्यांचा राग गेला नाही. नणंदेला तर त्या अजून म्हणतात, तुला शेळीसारखी गप उभी ऱ्हा म्हटलं होतं, तर तू दलाल झालीस.

कारण त्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या भरल्या दुकानात, तेलकट डोक्यावरून पदर मागे टाकून, माझा दंड धरून मला शेठजींच्या पुढ्यात ढकलत, आमच्या वन्सं खच्चून ओरडल्या होत्या :

"ओ शेठ, मला कशाला घ्यायलेत, मला घरनंच डावी म्हणून आणलंय! घ्यायची ती ही, पुरी सत्तेचाळीसची हाय, पर बगा तोंड उघडून, एक दात हलत नाय!"