पेरूच्या रसातलं पाणी

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी उभी हयात माकणीच्या दूध डेअरीवर दूध मोजून घेण्यात घालवली. पाणी घातलेलं दूध त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. एकदा तर सख्ख्या भावाची किटली त्यांनी चारचौघांत परत पाठवली होती. गावात आजही त्यांच्या शब्दाला किंमत आहे. म्हणूनच आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, आठवडी बाजारात पेरूच्या रसाचा स्टॉल लावायचा आणि शेजारी मामांना बसवायचं. पण मामा रस बघूनच बिथरले.

रस काढायची रीत मी तालुक्याच्या प्रशिक्षणातून शिकून आले होते. पेरूच्या गरात एक चिकट घटक असतो, तो रस धरून ठेवतो. एन्झाइमची चिमूटभर पावडर कोमट गरात कालवून दोन तास झाकून ठेवली की तो चिकटपणा मोडतो. मग फडक्यातून रस भराभर उतरतो, तोही नितळ. पहिल्यांदा केलं तेव्हा तेवढ्याच पेरूंचा जवळजवळ दीडपट रस निघाला. मला कोण आनंद झाला!

मामांनी ग्लास उजेडात धरला. पलीकडची खिडकी दिसत होती.

"सूनबाई, पानी किती घातलंस?"

"थेंबभर न्हाय, मामा. एन्झाइमनं झालंय. विरजणासारखंच असतं ते, चिमूटभर पुरतं."

"विरजणानं दूध घट्ट व्हतं. ह्यानं तर पातळ झालंय."

विरजणाचा दाखला प्रशिक्षणातल्या बाईंनीच दिला होता, त्यापुढचं हे सांगितलंच नव्हतं. मुळात तेवढ्याच फळात जास्त रस, आणि तोही पातळ, हे ऐकायला मलाच चोरीसारखं वाटायला लागलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी हट्टाने त्यांना पातेल्यासमोर खुर्ची टाकून दिली. म्हटलं, बसा आणि बघा. त्यांच्यादेखत गर कुस्करला, पावडर घातली, झाकण ठेवलं. ते बसले. पातेल्यात काही हलेना की उकळेना. पावणेदोन तासांनी त्यांची लिंगपूजेची वेळ झाली, ती ते कधी चुकवत नाहीत. परत आले तोवर मी रस गाळून घेतला होता, काचेसारखा.

"मी न्हवतो तवाच पातळ झाला व्हय?" एवढंच म्हणाले. "असला रस घिऊन मी बाजारात बसनार न्हाय."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत या घरात मी खोटं बोलले नव्हते. राग आला, रडूही आलं, आणि त्यातच क्षणभर स्वतःचीच शंका आली, की चुकून पाण्याचा तांब्या तर ओतला नाही ना? बायका दारात टेम्पो थांबवून उभ्या होत्या. मामा आले नाहीत तर रस कोण घेणार?

मामा बाहेर ओसरीवर जाऊन बसले होते. फडक्यात चोथा उरला होता. मी तो रसात परत टाकला. पण पिळून पिळून तो भुशासारखा कोरडा झाला होता, रसात मिसळेना, नुसत्या गुठळ्या तरंगत राहिल्या. शेवटी पाण्याच्या हाताने मळला, मिक्सरमधून फिरवला, आणखी तांब्याभर पाणी घातलं, तेव्हा कुठे रस दाट, गढूळ, पेरूच्या रंगाचा झाला. हात काम करत होते, पण मी नेमकं काय करतेय हे मला उमगत नव्हतं.

मामांनी ग्लास उजेडात धरला. पलीकडचं काही दिसलं नाही.

"आता कसं!" म्हणाले आणि टोपी घालून टेम्पोत बसलेसुद्धा.

बाजारात गर्दी झाली. सास्तूरहून आलेल्या एका म्हाताऱ्याने ग्लास हातात घेऊन विचारलं, "पानी-बिनी न्हाय ना ह्यात?"

मामा खुर्चीवरून उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवला.

"माझ्या सुनंनं केलाय. थेंबभर पानी निघालं, तर पुन्हा माझ्या शब्दावर इस्वास ठिऊ नका."

म्हाताऱ्याने ग्लास तोंडाला लावला. मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून इतक्या मायेने त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.